पांडवलेण्यावर घरच्यांना घेऊन जायचं असेल तर

पहिल्यांदा आम्ही सगळे मिळून पांडवलेण्यावर, म्हणजे नाशिकजवळच्या डोंगरातल्या जुन्या बौद्ध लेण्यांवर, गेलो तो मे महिन्यातला रविवार होता आणि पायथ्याशी पोचायलाच साडेअकरा वाजले होते. चोवीस लेणी आहेत म्हणजे चोवीसही बघायची, असं ठरवून गेलो होतो. सातव्या-आठव्या लेण्यापर्यंत पाणी संपलं. सासूबाईंचे गुडघे पायऱ्यांवरच बोलायला लागले होते. सई कंटाळून एका ओसरीत बसून राहिली. आणि ओम, तेव्हा पाच वर्षांचा, लेण्यांच्या टोकाशी जिथे पायवाट संपते तिथून डोंगराच्या उतारावर चढला आणि अडकला. खाली भुसभुशीत मुरूम, धरायला वाळलेलं गवत. एका अनोळखी तरुणाने वर जाऊन त्याला कमरेला धरून खाली आणलं. ती पाच-सात मिनिटं मी अजून विसरलेली नाही.

त्यानंतर आम्ही तिथे निदान दहा वेळा गेलो असू. नाशिकमध्ये राहून इतक्या जवळ असलेली ही जागा मुलांना नीट दाखवता आली नसती तर मला फार लागलं असतं. कसं जायचं, काय बघायचं, काय टाळायचं हे आता बसलं आहे. ते इथे लिहिते.

आधी वेळ. लेण्यांची तोंडं उत्तरेकडे आहेत. म्हणून सकाळी तिथे सावली आणि गारवा असतो, पण पायऱ्या मात्र उन्हात तापतात. आठच्या सुमाराला पायथ्याशी पोचायचं आणि दहा-साडेदहाला खाली उतरायला लागायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. नाशिकची थंडी तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत लहानांना स्वेटर आणि कानटोपी घालूनच न्या, कारण खाली रिक्षातून उतरल्यावर ऊन लागतं आणि वर दगडाच्या ओसरीत हुडहुडी भरते. पावसाळ्यात डोंगर हिरवागार दिसतो, पण पायऱ्यांचे दगड माणसांच्या पायांनी गुळगुळीत झालेत आणि ओले असले की साबण लावल्यासारखे होतात. आजी-आजोबा बरोबर असतील तर पावसात जाऊच नका. दसऱ्यानंतर गवत अजून हिरवं असतं आणि वाट कोरडी झालेली असते, तेव्हा जा. मे महिना तर सोडूनच द्या.

जायला अवघड काही नाही. शहरापासून आठ-नऊ किलोमीटर, मुंबई-आग्रा रस्त्यावर, मुंबईच्या दिशेने पाथर्डी फाट्याच्या पुढे डाव्या हाताला डोंगर दिसतो. सिटीलिंकची, म्हणजे शहर बससेवेची, पाथर्डी फाट्याकडे जाणारी बस घ्या किंवा रिक्षा. दुचाकीवर मुलांना बसवून महामार्गावरून येऊ नका एवढी माझी विनंती आहे. त्या रस्त्यावर ट्रक फार वेगात असतात.

पायऱ्या साधारण दोनशे. हा आकडा घरून निघतानाच सगळ्यांना सांगून टाका. किती चढायचं हे माहीत नसलं की म्हातारं माणूस आणि लहान मूल दोघंही लवकर दमतात. आमची पद्धत अशी: पंचवीस पायऱ्या झाल्या की थांबायचं. पायऱ्या मोजायचं काम ओमकडे. तो मोठ्याने मोजतो, पंचविसावी आली की सगळे बाजूला होतात, आजी काठीवर हात टेकून उभ्या राहतात, कोणी घाई करत नाही. आठ टप्प्यांत वर. आजींनी पहिल्या वेळी सगळ्यांच्या बरोबरीने चढायचा हट्ट केला म्हणून त्रास झाला होता. टप्पे केल्यावर त्यांनाच वाटायला लागलं की आपल्याला जमतं. कोणाला अजिबातच चढवत नसेल तर पायथ्याशी बुद्धविहार आहे. आत शांत बसता येतं.

पाणी माणशी एक लिटर, लहानांसाठीसुद्धा. वर विकत मिळेल असं धरून चालू नका. डबा मात्र वर न्यायचा नाही, तो खाली खायचा. वर फक्त गूळ-शेंगदाणे किंवा राजगिऱ्याची वडी खिशात. पायात पकड असलेले बूट, चपला नकोत. एक चांगली टॉर्च घ्या, मोबाइलची चालेल. तिचा उपयोग पुढे सांगते. आणि अत्तर, उग्र वासाचा स्प्रे लावून कोणी येऊ नका. डोंगराच्या कपारीत आग्या माश्यांचं मोहोळ असू शकतं. मोहोळ दिसलं तर तिथे आवाज नाही, दगड नाही, धूर नाही, आल्या पावली मागे फिरायचं. हे मुलांना पायथ्याशीच एकदा स्पष्ट सांगा.

पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे, फार नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. चोवीस लेणी बघू नका. पाच बघा. ही लेण्यांची रांग म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास सुरू झालेलं आणि पुढे कित्येक शतकं चालू राहिलेलं काम आहे. ते एका सकाळी पोटात मावणार नाही. मुलांना तर सातवं लेणं आणि आठवं लेणं यात फरकच दिसत नाही. त्यांना शोधायला काहीतरी हवं असतं. मी त्यांना शब्द शोधायला लावते. दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरलेले, आणि आज आपण घरात, बाजारात, माझ्यासारखीने पतसंस्थेत बसून रोज वापरलेले शब्द.

हे मला कसं सुचलं ते सांगते. मी सोळा वर्षं एका पतसंस्थेत ठेवींच्या काउंटरवर आहे. एकदा सईच्या शाळेच्या प्रकल्पासाठी लेण्यांतल्या शिलालेखांचं वाचन बघत होते आणि दहाव्या लेण्यातल्या लेखात ‘पायून’ असा शब्द दिसला. पायून पडिकशत. म्हणजे दरमहा शेकडा पाऊण. मी तो शब्द तीन वेळा वाचला. पाऊण! त्याच दिवशी दुपारी मी एका आजोबांना ‘पाऊण टक्का जास्त मिळेल’ असं सांगून आले होते.

तर वर पोचलात की कड्याकडे तोंड करून उभे राहा. लेण्यांचे क्रमांक पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे तुमच्या उजवीकडून डावीकडे वाढत जातात. आधी उजवीकडे तिसऱ्या लेण्याकडे जायचं, मग दहाव्याकडे यायचं, आणि शेवटी सतरा, अठरा, एकोणीस. ही शेवटची तिन्ही एकमेकांना लागून आहेत.

तिसरं लेणं बाहेरून बघा, लगेच आत शिरू नका. ओसरीच्या खालच्या बाजूला सहा धिप्पाड आकृत्या कोरल्यात, छातीपासून वर दिसतात, आणि अख्खं लेणं त्यांनी पालखीसारखं खांद्यावर उचललंय. ओमला पहिल्यांदा हे दाखवलं तेव्हा तो खाली बसून त्यांच्या चेहऱ्यांत कोण दमलंय ते शोधत होता. खूप वेळ शोधत होता, शोधू दिलं. मग ओसरीत या. मागच्या भिंतीवर, दाराच्या वर, लांबलचक लेख आहे. सातवाहन राजा पुळुमावीच्या १९व्या वर्षी तो कोरला. हे लेणं दान दिलं गौतमी बलश्रीने, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने. लेखात मुलाचं कौतुक आहे: त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं, क्षहरात या शत्रू राजघराण्याचा वंश त्याने निःशेष केला, आणि आईच्या सेवेत त्याने कधी खंड पडू दिला नाही. स्वतःची ओळख ती कशी देते? महाराजांची आई आणि महाराजांची आजी, महाराजपितामही.

हे मी आमच्या आजींना ओसरीत बसवून सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने ओमला जवळ बोलावून म्हणाल्या, “बघ रे, आजीने केलंय हे सगळं.” त्या दिवसानंतर आमच्या घरात तिसऱ्या लेण्याला तिसरं लेणं म्हणत नाहीत, आजीचं लेणं म्हणतात.

दहावं लेणं रचनेत तिसऱ्यासारखंच, पण जुनं. खांबांच्या माथ्यावर घंटेसारखे आकार आणि त्यावर प्राणी आहेत. मुलांना प्राणी मोजू द्या, तेवढ्यात तुम्ही ओसरीच्या डाव्या टोकाच्या खोलीच्या दाराकडे जा. दारावर दोन लेख आहेत, एकाखाली एक. वरचा दक्षमित्रेचा. ती नहपान राजाची मुलगी, ही खोली तिने दान दिली. खालचा तिच्या नवऱ्याचा, उषवदाताचा, म्हणजे नहपानाच्या जावयाचा. त्याने लेणं तर दिलंच, शिवाय लेण्यातल्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, अक्षयनिधी ठेव ठेवली. ठेव कुठे? गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या धंदेवाईक संघांकडे. गंगापूर रस्त्यावरचं आजचं गोवर्धन तेच असं मानलं जातं.

इथे मी मुलांना हिशोब करायला लावते, आणि तुम्हीही लावा. कागद-पेन्सिल घेऊन या. एका श्रेणीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीचं महिन्याचं व्याज २०, वर्षाचं २४०. लेखात पुढे लिहिलंय की लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यायचे. वीस गुणिले बारा किती?

सईने ते तिथेच, गुडघ्यावर वही ठेवून केलं. २४० आल्यावर तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “आई, जुळलं.” मला त्या क्षणी काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. रोज संध्याकाळी काउंटर बंद करताना रोकड जुळली की जे वाटतं तेच, पण दोन हजार वर्षांच्या अंतरावरून. दुसऱ्या ठेवीचं वर्षाचं व्याज ९० होतं, ते भिक्षूंच्या वेगळ्या खर्चासाठी. आणि मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त वाढ वापरायची, हेही तिथे कोरून ठेवलंय. व्याजाला त्यांचा शब्द ‘वधि’, म्हणजे वाढ. शेवटी लिहिलंय की हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि फलकावर रीतीप्रमाणे नोंदवलं. म्हणजे सभेपुढे ठेवलं आणि दप्तरी नोंद केली. वस्त्रांचे पैसे विणकरांकडेच ठेवले, हेही लक्षात घ्या. ज्याने ही योजना केली त्याने विचार करून केली.

अक्षरं वाचायला टॉर्च कशी धरायची हे महत्त्वाचं आहे. समोरून उजेड टाकला की भिंत पांढरी होते, काही दिसत नाही. टॉर्च भिंतीजवळ, एका कडेला धरायची आणि उजेड भिंतीला घासून जाईल असा तिरपा टाकायचा. मग प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली भरते आणि ओळ एकदम उठून येते. हात मात्र लावायचा नाही. बोटाने गिरवून बघायचा मोह मोठ्यांनाही होतो. हाताचा घाम आणि तेल दगडाला चांगलं नाही, आणि आपण गिरवलं की मागचा दहा वर्षांचा मुलगाही गिरवणार. भिंतीवर नावं कोरणाऱ्यांबद्दल मी रागावून लिहू शकते, पण कायदाच सांगते: संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलांना हे तिथे उभं राहून सांगितलं की पुरतं.

सतरावं लेणं इंद्राग्निदत्ताचं. तो उत्तरेकडून, दत्तामित्री गावाहून आलेला यवन, म्हणजे ग्रीक वंशाचा माणूस. ‘योणक’ असा शब्द लेखात आहे. इतक्या लांबून आलेल्या माणसाने आपल्या नाशिकच्या डोंगरात लेणं खोदवलं ते आईवडिलांच्या नावाने, आणि बरोबर आपला मुलगा धर्मरक्षित याचंही नाव घातलं. तीन पिढ्या एका लेखात. याच लेखात ‘पोढियो’ म्हणजे पाण्याची टाकी खोदवल्याचंही सांगितलंय. पोढी हा शब्द आता कोणी बोलत नाही, आपण टाकं म्हणतो, पण लेण्यांच्या बाजूला खडकात खोदलेली टाकी अजून आहेत, काहींत पाणीही दिसतं. पावसाचं पाणी कातळावरून चरांनी आणून ते साठवायचे. टाक्यात वाकून बघताना लहानाला मागून कपड्याला धरा. आत शेवाळ असतं आणि खोली कळत नाही. ते पाणी पिऊ नका, त्यात काही टाकूही नका.

अठरावं म्हणजे चैत्यगृह, स्तूपाच्या वंदनेचं दालन, सगळ्यांत देखणं. दर्शनी भागावरची घोड्याच्या नालेसारखी कमान, आत अष्टकोनी खांबांच्या दोन रांगा आणि टोकाला स्तूप. आत गेल्यावर पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही असा आमचा नियम आहे. लेण्यांत बुद्धमूर्ती आहेत, वंदनेला येणारे उपासक असतात, आणि ही जागा त्यांच्यासाठी त्रिरश्मी लेणी आहे. शिलालेखांतलं डोंगराचं जुनं नावही तेच, ‘तिरण्हु’. पांडवांचा इथे काही संबंध नाही हे मुलांना सांगितलं तर त्यांना वाईट वाटत नाही, उलट मग कोणाचा संबंध आहे असं विचारतात. मूर्तीच्या मांडीवर बसून फोटो काढणारे मी पाहिले आहेत. तसं करू नका. बुद्धपौर्णिमेला गर्दी फार असते, सहलीसाठी वेगळा दिवस धरा.

आणि शेवटी एकोणिसावं. छोटंसं, जरा खाली, चुकून सुटून जातं. सुटू देऊ नका. हे इथलं सगळ्यात जुन्यांपैकी एक. मधे चौकोनी दालन, तीन बाजूंना सहा खोल्या, दाराच्या दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या. उजव्या खिडकीच्या वर लेख आहे, अक्षरं साधी आणि मोठी. सातवाहन कुळातल्या कृष्ण राजाच्या काळात नाशिकच्या महामात्राने, म्हणजे मोठ्या अधिकाऱ्याने, हे लेणं करवलं. मूळ शब्द असे: ‘सादवाहनकुले कन्हे राजिनि’, पुढे ‘नासिककेन’, आणि शेवटी ‘लेण कारित’. कन्हे म्हणजे आपला कान्हा. नासिक म्हणजे नासिक. लेण म्हणजे लेणं. आपल्या गावाचं नाव बसच्या पाटीवर असतं तसं.

हे लेख ज्या लिपीत आहेत त्या ब्राह्मीची चार-पाच अक्षरं घरून शिकवून आणा, म्हणजे मुलं स्वतः शोधतात. क म्हणजे बेरजेचं चिन्ह. न म्हणजे उलटा टी. ग म्हणजे झोपडीचं छप्पर. ण म्हणजे उभ्या काठीला वर आणि खाली आडवी रेघ. एवढ्यावर ‘नासिक’ मधला न आणि क सापडतो, ‘लेण’ मधला ण सापडतो. ओमला पहिला क सापडला तेव्हा त्याला वाटलं कोणीतरी दगडावर गणित केलंय.

पाच लेणी, दोन तास. यापलीकडे खेचू नका. राहिलेली पुढच्या वेळेला. लेण्यांच्या वर डोंगरमाथ्यावर जाणारी वाट दिसेल, तरुण मुलं जाताना दिसतील, तुमची मुलंही हट्ट धरतील. घरच्या सहलीत ती वाट नको. उतार सुटा आहे, चढणं सोपं आणि उतरणं कठीण. ओमचा प्रसंग मी वर सांगितलाच.

खाली उतरल्यावर डोंगराच्या कुशीत नेहरू वनोद्यान आहे. डबा तिथे सोडायचा. मी दशम्या करते, कारण दुधात भिजवलेल्या असल्यामुळे दुपारपर्यंत मऊ राहतात. बरोबर शेंगदाण्याची चटणी, काकडी, केळी. दह्या-ताकाचं काही नेऊ नका. पायथ्याशी पेरू, बोरं, भाजलेलं कणीस घेऊन बसलेल्या मावश्या असतात. त्यांच्याकडून घ्या, पण पिशवी आपली न्या. कचरा सगळा परत घरी.

जेवण झालं की मुलं पळायला मागतात. पळू द्या थोडं, मग वाटेने फिरायला न्या. वनोद्यानातल्या वाटा सपाट आहेत, आजीही येतात. इथे मी शब्द शोधायला लावत नाही, जमीन बघायला लावते. भिंतीच्या किंवा मोठ्या झाडाच्या आडोशाला, जिथे पाऊस लागत नाही आणि माती पिठासारखी बारीक असते, तिथे बोटाच्या पेराएवढे नरसाळ्यासारखे खड्डे दिसतात. लेण्यांच्या तोंडाशीही असतात. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी मातीत एक किडा दडलेला असतो. मुंगी काठावर आली की माती सरकते, मुंगी घसरते, आणि किडा खालून तिच्यावर मातीचे कण उडवतो. वाळलेल्या गवताची काडी घेऊन काठावरचे दोन-तीन कण हळूच खाली पाडा आणि श्वास रोखून बघा. तळाची माती उसळते. सईने हे चौथीत असताना पाहिलं आणि अजून प्रत्येक वेळी आधी तेच शोधते. किड्याला उकरून काढायचं नाही.

झाडं बघायची तर महिन्याप्रमाणे बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पेटलेला असतो, पानं नसतात, नुसती फुलं. त्याच सुमाराला उंदीरमारीला गुलाबी-पांढरी फुलं येतात. तिच्या बिया आणि पानं तोंडात घालू देऊ नका, विषारी असतात, नाव उगाच पडलेलं नाही. बहाव्याच्या काळ्या लांब शेंगा खाली पडलेल्या मिळतात, हलवल्या की आत बिया खुळखुळतात. गळून पडलेलं उचलायचं, झाडावरचं तोडायचं नाही.

दगडही उचलून बघा. हा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. त्यात लहान-लहान पोकळ्या दिसतात, कधी काळच्या वायूच्या बुडबुड्यांच्या, आणि काहींत पांढरे चमकणारे स्फटिक भरलेले असतात. ही झिओलाइट गटातली खनिजं. पांडवलेण्याच्या आसपासच्या दगडखाणींतून निघालेले नमुने जगभरच्या संग्रहांत गेलेत. स्फटिकांत रस वाटला तर सिन्नरला ‘गारगोटी’ संग्रहालय आहे, ते वेगळ्या रविवारी करा. लेण्यांतले दगड मात्र घरी आणायचे नाहीत, लहानसाही नाही.

शेजारीच दादासाहेब फाळके स्मारक आहे. फाळके आपल्या त्र्यंबकचे, १८७० सालचा जन्म. अंगात जोर उरला असेल तर तिथे जा. आमचा कधी उरला नाही. एक-दीडला आम्ही घरी असतो, आजी आडव्या होतात, आणि ओम पाटीवर बेरजेची चिन्हं काढून हा क, हा पण क, असं सांगत बसतो.

पुढची सहल कुठे असं विचाराल तर अंजनेरीचा डोंगर मनात आहे. कंदीलपुष्पाची एक जात तिथल्या डोंगराच्याच नावाने ओळखली जाते, सेरोपेजिया अंजनेरिका. गिधाडंही दिसतात. पण तो चढ मोठा, मुलं अजून दोन वर्षांनी मोठी होऊ देत. त्याआधी म्हसरूळची चामरलेणी करू, जैन लेणी आहेत, चढायला पायऱ्या आहेत. परवा जेवताना विषय निघाला तर आजींनी विचारलं, “पायऱ्या किती?” यांनी सांगितलं, “पांडवलेण्याच्या दुपटीने तरी असतील.” आजींनी आमटी वाढून घेतली आणि म्हणाल्या, “मग टप्पे सोळा. साडेसहाला निघू.”